नाकासमोरचा गोळा

गोळाफेकीचा लोखंडी गोळा माझ्या नाकाला टेकला होता. गार होता, आणि त्याला गंजाचा वास येत होता. हॉलच्या छताला असलेल्या हुकापासून एक लांब दोरी खाली आली होती, तिच्या टोकाला तो बांधला होता. मी तो दोन्ही हातांनी ओढून नाकापर्यंत आणला होता. समोर शाळा-कॉलेजांची मुलं खचाखच बसली होती. पहिल्या रांगेत आमचे डायरेक्टर वाधवा सर आणि त्यांच्या शेजारी पाहुणे.

"आता मी हा गोळा फक्त सोडणार आहे," मी कॉलर माइकवर म्हणाले. "तो समोर जाईल, परत येईल आणि माझ्या नाकाजवळ येऊन थांबेल. नाकाला लागणार नाही. मी जागची हलणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायची काहीही गरज नव्हती.

मी फिजिक्स शिकवते. उल्हासनगरात वाढले, आता बदलापूरला शिरगावात राहते, आणि अंबरनाथच्या बाहेर, कारखान्यांच्या मागे असलेल्या आमच्या छोट्याशा कॅम्पसवर फिजिक्स डिपार्टमेंटची हेड आहे. हेड म्हणजे फार कोणी नाही. आम्ही मोजकेच शिक्षक, त्यातली मी सगळ्यात जुनी. एमएस्सीचा वर्ग दरवर्षी आटत चाललेला. बीएस्सी करून मुलं कॉम्प्युटरकडे जातात आणि वाटेत भेटली की आपुलकीने विचारतात, "मॅम, अजून तिथेच?"

त्या वर्षी वाधवा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण वाईट बातमी चहा पाजून देतात.

"मॅडम, सीट्स भरत नाहीयेत. पुढच्या ॲडमिशनला हेच राहिलं तर एमएस्सी बंद करावं लागेल. तुम्ही लोक मग इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला शिकवा."

"आणि लॅब?"

"लॅबचं बघू. आधी कुछ करो ना. इव्हेंट करो. मुलांना दिसलं पाहिजे की फिजिक्समध्ये मजा आहे."

म्हणून भौतिकशास्त्र सप्ताह. सोमवारी उद्घाटन आणि एका मोठ्या शास्त्रज्ञांचं व्याख्यान झालं. ते उत्तम होतं, असं मला वाटतं. श्रोत्यांत आमची मुलं होती, कारण अटेंडन्स होती. बाकीचे एसीसाठी आले होते. मंगळवारी पोस्टर स्पर्धा. निम्म्या पोस्टरांवर ब्लॅक होल होतं आणि कुणालाच त्यावर प्रश्न विचारलेला नको होता. बुधवारी लॅब सगळ्यांसाठी उघडी ठेवली. स्पेक्ट्रोमीटर नावाचं आमचं एक यंत्र आहे, त्यातून पाहिलं की दिव्याचा उजेड वेगवेगळ्या रंगांच्या रेघांत फुटलेला दिसतो. उल्हासनगरच्या शाळांतून आलेल्या मुलांनी शिस्तीत रांग लावून त्यात पाहिलं. बहुतेकांना स्वतःच्या पापण्या दिसल्या. गुरुवारी क्विझ होती. एका प्रश्नाचं उत्तर मीच चुकीचं लिहून आणलं होतं, तेवढं सोडलं तर ती ठीक झाली.

आता सगळा भार शुक्रवारच्या डेमोवर होता.

डेमो साधा आहे. पोराला झोपाळ्यावर बसवून मागे ओढायचं आणि नुसतं सोडून द्यायचं. झोपाळा परत येतो, पण सोडला त्यापेक्षा वर येत नाही. वर यायला हवा असेल तर धक्का द्यावा लागतो. ऊर्जा फुकट मिळत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. झोपाळ्याऐवजी लोखंडी गोळा घेतला आणि त्याच्या वाटेत स्वतःचं नाक ठेवलं की मुलं जागी राहतात.

माझे सहकारी भोईर सर वांगणीचे. शेती सांभाळून फिजिक्स शिकवतात आणि दोन्हीकडे सारख्याच संशयाने बघतात. त्यांनी हुकाला दुप्पट वजन टांगून तो तपासला होता.

"मॅडम, एकदा करून बघा की," ते गुरुवारी म्हणाले.

"त्यात करून काय बघायचं, सर? नियमच आहे."

"नियम हाय. पर नाक तुमचं हाय."

मी हसले. इतकी वर्षं हा डेमो मी फळ्यावर काढून दाखवला होता. फळ्यावर माझं नाक नेहमी सुरक्षित राहिलं होतं.

तर शुक्रवारी मी गोळा सोडला. तो डौलात लांब गेला, टोकाला क्षणभर थांबला आणि परत निघाला. पुस्तकात गोळा म्हणजे एक ठिपका असतो. इथे तो ठिपका मोठा होत होता. त्याचा आवाज येत होता, दोरी कुरकुरत होती. मला नियम पूर्ण पाठ होता. मी पळाले.

नीट पळाले असते तरी चाललं असतं. मी वळले, स्पीकरच्या वायरीत पाय अडकला, उद्घाटनाची समई अजून स्टेजवरच होती तिला धरायला गेले, आणि आम्ही दोघी खाली आलो. साडीवर तेल सांडलं. गोळा शांतपणे येत-जात राहिला, पण त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. हॉल हसत होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

मी घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या सावंतकाकूंनी लिहिलं, "अगं, तू एवढी चपळ आहेस हे माहीत नव्हतं." नवऱ्याने आधी विचारलं, "लागलं नाही ना?" मग थोडा वेळ जाऊ देऊन म्हणाला, "मला नीट डाउनलोड झाला नाही, परत पाठव."

संध्याकाळी वाधवा सरांचा फोन आला.

"मॅडम, एका पेरेंटचा मेसेज आलाय. वाचू?"

"वाचा."

"लिहिलंय, हेड मॅडमलाच स्वतःच्या सब्जेक्टवर भरोसा नाही, तर आमच्या मुलीने तो का घ्यावा?" मग म्हणाले, "उद्या समारोप आहे. काहीतरी बोला. सांभाळून घ्या."

मुलं हसली त्याचं मला काही वाटलं नव्हतं. वर्गात तर ती हसतच नाहीत. पण तो मेसेज लागला, कारण त्यातलं एकही अक्षर मला खोडता येईना. मी ठरवलं, सरळ कबूल करायचं. व्हिडिओ सगळ्यांसमोर सावकाश लावायचा, गोळा नाकाच्या जागी येऊन थांबतो हे दाखवायचं आणि सांगायचं की नियम बरोबर होता, मॅडम घाबरल्या. त्यासाठी एक वाक्यही तयार केलं, "ज्ञान डोक्यात असतं, भीती पायांत असते." ते मला फार आवडलं. मी ते भांडी आवरताना दोनदा म्हणून पाहिलं. व्हिडिओ मात्र लाजेने एकदाही पाहिला नाही.

शनिवारी हॉल आठवडाभरात भरला नव्हता इतका भरला. पळालेल्या मॅडम कोणत्या हे सगळ्यांना बघायचं होतं. भोईर सर लॅपटॉपवर बसले. व्हिडिओ बाजूने काढलेला होता. माझ्या पलीकडे भिंतीवर सप्ताहाचा बॅनर होता आणि माझं नाक बरोबर 'सप्ताह'मधल्या 'ह'समोर होतं.

"आता बघा," मी म्हणाले. "गोळा परत येईल आणि या 'ह'पाशी थांबेल."

गोळा परत आला. 'ह'पाशी आला. 'ह'ला झाकून पुढे गेला आणि बॅनरच्या कडेपर्यंत जाऊन मग मागे फिरला.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. बारावीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅम, ये तो आगे आ गया. म्हणजे नियम चुकला का?"

डायरेक्टरांसमोर, ॲडमिशनच्या तोंडावर, मी ऊर्जेचा नियम मोडून दाखवला होता. "परत लावा," मी म्हणाले.

भोईर सरांनी व्हिडिओ मागे नेला आणि गोळा सुटतो तिथे थांबवला. मग एकेक चित्र पुढे सरकवत गेले. मी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. गोळा सोडताना माझे हात नुसते उघडले नव्हते. शेवटच्या क्षणी बोटं सरळ झाली होती आणि गोळ्याला पुढे लोटत होती.

"मी ढकललाय," मी म्हणाले. "बघा. मी सोडला नाही, ढकलला."

"क्यों?" मुलीने विचारलं.

"घाबरले होते. लांब जावा असं वाटलं. पण धक्का दिला की तो जास्त लांब जातो आणि परत येताना तितकाच जास्त पुढे येतो."

"आणि तुम्ही हलला नसता तर?"

"तर आज मी इथे नसते. हाडांच्या डॉक्टरकडे असते."

वाधवा सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "म्हणजे मॅडम बरोबर पळाल्या?"

"पळाले ते बरोबर, सर. ढकलला ते चूक."

यावर सगळे हसले, पण ते शुक्रवारसारखं हसणं नव्हतं. मुलं पुढे येऊन बसली. भोईर सरांनी कोणी न सांगता दोरी पुन्हा हुकाला लावली. या वेळी गोळा मागे ओढून जाड दोऱ्याने खांबाला बांधला. गोळा आणि खांब यांच्यामध्ये मी उभी राहिले, नाक गोळ्याला आणि डोकं खांबाला टेकवून, आणि कात्री त्या मुलीच्या हातात दिली. तिने दोरा कापला. गोळा गेला, आला आणि नाकाच्या जरासा अलीकडे थांबून परत फिरला. मी हलले नाही. मागे खांब होता, हलणार कुठे? टाळ्या खूप झाल्या. गोळा थांबलेला मला मात्र दिसला नाही, कारण मी डोळे मिटले होते. तोही व्हिडिओ मी नंतरच पाहिला.

त्या वर्षी एमएस्सीच्या सगळ्या सीट्स भरल्या नाहीत, पण वाधवा सरांनी चहाला बोलावू नये इतक्या भरल्या. इंटरव्ह्यूमध्ये आम्ही विचारतो, फिजिक्सच का? पूर्वी मुलं लहानपणापासूनच्या ओढीबद्दल सांगायची. त्या वर्षी बऱ्याच जणांनी खाली बघत सांगितलं, "मॅम, तो व्हिडिओ." कात्री चालवणारी मुलगी पुढच्या वर्षी कॉम्प्युटरला गेली. मेसेज पाठवणारे पालक कोण होते, ते मी शोधलं नाही.

आता आमच्याकडे हा डेमो दरवर्षी होतो, पण गोळा कोणी हाताने सोडत नाही. दोरा बांधायचा आणि कापायचा. माणूस कितीही शिकलेला असो, घाबरला की ढकलतो. दोरा ढकलत नाही.