सरांचा तास

विमा कंपनीतली पक्की नोकरी सोडून ती इंग्रजीत पीएच.डी. करायला विद्यापीठात आली, तेव्हा आईने अबोलाच धरला होता. विभागातले बाकीचे संशोधक तिच्यापेक्षा बरेच लहान, म्हणून घरासारखी तिथेही ती ताईच झाली. फी माफ, वर विद्यावेतन. त्या बदल्यात मार्गदर्शक सरांच्या वर्गाचे निबंध तपासायचे, तासाला मागे बसायचं. ही जागा सरांच्या नावावर होती. सर आहेत तोवर ती.

त्या दिवशी सर कविता वाचता वाचता मध्येच थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"ताई, हे कुणी लिहिलंय गं? छान आहे."

त्याच कवीवर सरांनी आयुष्य घालवलं होतं. ताई उठून पुढे गेली. "द्या सर, मी वाचते."

तास तिनेच घेतला. सर पहिल्या बाकावर बसले आणि तिचं बोलणं मन लावून उतरवून घेऊ लागले.

घरी आईने विचारलं, "हे सांगितलंस तर तुझी जागा जाईल?"

"जाईल."

"मग थोडे दिवस गप्प बैस."

ताई चरकली. बसमध्ये तिच्याही मनात नेमकं हेच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी गेली. सरांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं. "कळलं तर तुला. वर्षभर रोज सकाळी मीच त्यांच्याकडून तास घोकून घेते. तू बोलू नकोस, तुझंही नुकसान होईल."

वर्षभर! ताईला कशाचा पत्ता नव्हता.

"काकू, काल ते माझ्या तासाला वही घेऊन बसले होते."

काकूंनी पायांत चपला सरकवल्या. म्हणाल्या, "चल, जाऊ विभागप्रमुखांकडे."

सर रजेवर गेले, विद्यावेतन थांबलं. सत्र संपेपर्यंत तो वर्ग ताशी मानधनावर ताईला मिळाला. पुढे ती दिवसा विमा कंपनीत परत जाऊ लागली, प्रबंध विभागातल्याच एका बाईंच्या मार्गदर्शनाखाली पुरा केला. आईने त्या 'गप्प बैस'चा विषय पुन्हा कधी काढला नाही, तिनेही नाही.