दाजींनी चकचकीत केलेली प्लेट

सत्तरच्या दशकात उद्यमनगरात आमचं पत्रा वाकवायचं प्रेसशॉप होतं. भांडवल वडिलांचं, राबणं माझं आणि अक्कल दाजींची. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. जावयाला कुणी चूक म्हटलं की आई ताटावरून उठायची. त्यामुळे दाजी कधी चुकलेच नाहीत.

उन्हाळा लागल्यापासून आमचा हायड्रॉलिक प्रेस सकाळी जाड पत्रा एका दाबात वाकवायचा आणि दुपारी तेल तापलं की रेंगाळायचा. दाजींनी खुर्चीतून न उठता निदान केलं. "गड्याला जेवान चढतंय. दुपारी झोपा काढतोय त्यो. शनवारी नारळ द्या त्येला."

हा गडी म्हणजे आमचा प्रेस चालवणारा. त्याची बायको दिवसांत होती, आणि हे दाजींनाही ठाऊक होतं.

"मालक, दांडा सकाळी वडतो तसाच दुपारी वडतोय की," तो मला म्हणाला. "मशीनच मरगळतंय."

प्रेसला तेलाचा दाब देणारा पंप आतून गळत असेल, असं मी दाजींना सांगितलं. ते चष्मा चढवून पंपाखाली वाकले, फरशीवर बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "कुठं हाय गळती? थेंब न्हाय!" आतली गळती बाहेर दिसत नाही, हे इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची सीलं मी आधीच तपासली होती, त्यांत दोष नव्हता. पिस्टन पंपात आतल्या आत झिरपलेलं तेल एका बारीक नळीतून टाकीत परत जातं. ती नळी सोडवून मी बादलीत धरली. सकाळी दाब दिला, तर धार करंगळीएवढीही नाही. दुपारी दाब तोच, पण तेल पातळ झालेलं. बादली बघता बघता भरली. दाजींनी बादलीकडे पाहिलं आणि चहा मागवला.

शुक्रवारी पंप खोलला. पिस्टन ठाकठीक होते. पण त्यांचा ब्लॉक जिच्यावर घट्ट टेकून फिरतो, ती व्हॉल्व्ह प्लेट आरशासारखी चमकत होती. चमकणारच! दिवाळीच्या साफसफाईत पंप खोलून दाजींनी तिला स्वहस्ते पॉलिश पेपर मारला होता, देवघरातला तांब्या घासावा तसा. हातानं घासून कडा उतरल्या होत्या आणि तेलाला हमरस्ता मिळाला होता. प्लेटवर पट्टी उभी धरून खालून येणारा उजेड मी दाजींना दाखवला.

"पालिश कमी पडलं असंल," दाजी म्हणाले.

दातओठ खात मी ती प्लेट सर्फेस प्लेटवर, म्हणजे बिडाच्या तंतोतंत सपाट पाटावर, बारीक पेस्ट लावून सपाट घासली आणि पंप जोडला. शनिवारी भर दुपारी, तेल तापलेलं असताना, प्रेसनं एका दाबात पत्रा वाकवला. गडी मनापासून हसला. मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात दाजी पुढे आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाले, "बघितलंस? दम दिला की दुपारचं बी काम हुतंय!"

गड्यानं बटण बंद केलं. हात पुसले, चपला घातल्या आणि तो निघाला. मी फाटकापर्यंत त्याच्या मागे धावलो, पण तो थांबला नाही. परत आलो तेव्हा प्रेसला पूर्ण जोर होता आणि चालवायला माणूस नव्हता.