थेंबाची अडलेली कड

बंगळुरात मल्लेश्वरमजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत काचेवरचा पाण्याचा थेंब कसा सुकतो, ते बघायचं काम चालतं. तिथल्या तंत्रज्ञाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. थेंब ठेवला की अण्णा आधी पंखा बंद करतात. शिंक आली तर दाराबाहेर धावतात. आरतीलासुद्धा माणूस इतका गप्प उभा राहत नाही. मी उकाड्याने कुरकुरले की त्यांच्या बंगळुरी मराठीत म्हणतात, "स्वल्प थांबा अक्का, त्याला सुकू द्या."

मी नागपूरहून नवीनच आले होते. त्यांनी सकाळभर धुतलेल्या काचेवर मला एक कण दिसला, आणि शहाणपणा करून मी तो अंगठ्याने पुसला. अण्णांनी तिथेच थेंब ठेवला. स्वच्छ काचेवर थेंबाची कड आटत आटत सगळीकडून सारखी आत सरकते. ही मात्र एका बाजूला अडून बसली आणि थेंब वाकडा होत गेला.

"काचेला हात कोणी लावला?" थेंब बघायला आलेल्या आमच्या प्रमुख सरांनी विचारलं.

मी अंगठा मुठीत दडवला.

"मीच, सर," अण्णा म्हणाले.

सरांनी काच उजेडात धरली. अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता, लहानसा, नाजूक. त्यांनी अण्णांच्या जाडजूड अंगठ्याकडे पाहिलं आणि काच टेबलावर ठेवून ते निघून गेले.

अण्णा नवी काच धुवायला लागले. "अक्का," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "स्वल्प पंखा लावा."