तुपाला बंदी, भाजणीला वाट

मला स्वयंपाक येत नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. त्यामुळे इंग्लंडहून ताईने "या वेळी चकल्या तू करायच्यास" असं फर्मान काढलं, तेव्हा मला आधी हसू आलं. मग असा काही हुरूप चढला, की शुक्रवारच्या मीटिंगा मी सरळ कॅन्सल करून टाकल्या.

कारण सांगते. ताई तिकडे एक छोटं किचन भाड्याने घेऊन दिवाळीचा फराळ करते. जर्मनीतल्या, हॉलंडमधल्या मराठी घरांत तिचे डबे शेजारच्या गल्लीत जावेत तसे जायचे. मग इंग्लंड युरोपच्या सामायिक बाजारातून बाहेर पडलं. काहीही बदलणार नाही, असं पुढारी छातीठोकपणे सांगत होते. सगळंच बदललं! ताई प्रत्येक डब्यावर अभिमानाने लिहायची, 'साजूक तुपातले'. तूप म्हणजे दुधाचा पदार्थ, आणि दुधाच्या पदार्थाला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. चार लाडवांसाठी तो कोण काढणार? डबे हद्दीवरून परत यायला लागले, काही तर आलेच नाहीत. ताई खासदाराला भेटली, त्याने सहानुभूती दिली. पुढे सरकार बदललं, त्यांनीही तीच दिली. आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

आणि आमच्या भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, बाहेर पडायच्याच बाजूने मत दिलं होतं! युरोपातल्यांना दार बंद झालं की आपल्या लोकांना व्हिसा मिळेल, असं कुणीतरी हॉलमध्ये भाषण ठोकून गेलं आणि भावजी टाळ्या वाजवून आले. ताई त्यावर कधीच बोलली नाही. ती गप्प राहिली की आम्हाला जास्त भीती वाटते.

आता किचन ठेवायचं की सोडायचं, हे त्याच आठवड्यात मालकाला कळवायचं होतं. सोडलं की ताईचं काम संपलं. तेव्हा तिने युक्ती काढली: डबे जात नाहीत ना, मग चकलीची भाजणी पाठवू. डाळ-तांदूळ भाजून दळलेलं पीठ, तुपाचा थेंबही नाही. चकल्या ज्याच्या त्याने तळाव्यात. पण त्या लोकांना जमतील का? माझ्यासारखीला जमल्या तर म्युनिकमधल्या कुणालाही जमतील, म्हणून परीक्षेला मी. पीठ एका काकूंच्या बॅगेतून अमेरिकेत, माझ्या घरी जर्सी सिटीला पोचलं.

मी फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला. पलीकडे ताई हाताची घडी घालून बसलेली. पाकिटावर लिहिलंय तेवढंच वाचायचं, ती मधे बोलणार नाही, असं ठरलं होतं. मी पीठ भिजवलं, सोऱ्यात भरलं, चकली तेलात सोडली आणि बघता बघता तिचा भुगा झाला.

"ताई, चकली विरघळली!"

"मोहन किती घातलंस?"

"अंदाजाने! तूच लिहिलंयस."

"अगं, अंदाजाने म्हणजे काय पळीभर तेल ओतायचं?"

"मला काय माहीत यार! तुझा अंदाज आणि माझा अंदाज सेम आहे का? चमच्यात सांग ना!"

ताईने आयुष्यात काही मोजलेलं नाही. मोजून करणं तिला अपमान वाटतो. पण ती उठली, परातीत पीठ घेतलं, नेहमीसारखं तेल ओतायला गेली आणि थांबली. मग तेच तेल तिने चमच्यात धरलं.

"दोन कपांना दोन चमचे," ती शेवटी म्हणाली. "सपाट. कडकडीत करून घाल."

दुसऱ्या घाण्याला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी एका हाताने टॉवेल हलवत होते, पण कढईपासून हलले नाही. बुडबुडे कमी झाले, चकली वर आली, काटेरी, लालसर, अख्खी! मी ती फोनजवळ नेऊन चावली.

"ऐकलंस?"

"ऐकलं. परत खा."

मी परत खाल्ली. चव हुबेहूब ताईच्या हातची होती! मी तसं ओरडून सांगितलं आणि स्वयंपाकघरात चक्क नाचले. ताई पदराने डोळे पुसत हसत होती.

तेवढ्यात तिच्या मागून भावजी डोकावले. "हे पीठ जर्मनीला जाईल ना गं?" त्यांनी मला हळूच विचारलं. "अडवणार नाहीत ना?"

"जाईल भावजी, नक्की जाईल!"

ताई त्यांच्याकडे वळली. "हे मत देण्याआधी विचारायचं होतंत," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग ताईनेच त्यांच्या खिशातला फोन काढून त्यांच्या हातात ठेवला.

"मालकाला कळवा, किचन ठेवतोय म्हणून. आणि तुम्हीच कळवा."