पाणी न मागणारी मुलगी

लग्न होऊन मी लातुरात आले आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला पाण्याचा नियम सांगितला. मी त्यांना आत्याबाई म्हणते. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तांब्या तोंडाला लावला होता, तर त्या दारातून म्हणाल्या, "हळू गं माय. एक गिलास आत गेला की एक बादली बाहेर जाती." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी संडासाकडे बोट केलं. आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं यायचा, बोअर संक्रांतीनंतर नुसती हवा फेकायचा, आणि संडासात दर वेळी बादलीभर पाणी ओतावं लागायचं. म्हणजे घरातल्या बाईनं पाणी प्यायलं की घराचं नुकसान. पुरुषांचं तसं नव्हतं. त्यांना घरामागची भिंत होती, कोपऱ्यावरचं हॉटेल होतं, सगळं गाव मोकळं होतं.

मी भोकरकडची. आमच्याकडेही उन्हाळ्यात टँकर यायचा, पण कोण किती घोट घेतंय यावर कुणी डोळा ठेवून नसायचं. आणि माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. मी म्हणलं, "आत्याबाई, तहान लागली की मी पिणार. बादल्या तुम्ही बघा." तेव्हापासून मी या घरातली वाईट सून झाले, ती आजपर्यंत आहे. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट सुनेला निदान पोटभर पाणी तरी पिता येतं.

चांगली होती ती माझी नणंद. माझ्याहून थोडी लहान, औशाला एका खासगी शाळेत शिकवायची. सकाळी अर्धा कप चहा घेऊन एसटी पकडायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं पाणी प्यायची, तेही आत्याबाईंनी हातात दिलं तर. कधी मागायची नाही. दुसऱ्या आया आपली पोरगी हुशार आहे, रांगोळी छान काढते असं सांगतात. आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या पोरीला दिवसभर पाणी लागत न्हाई बघा. लहानपणापासनंच तशी हाय." पोरगी शेजारी बसून ऐकायची आणि तिचे ओठ मार्गशीर्षात फुटावेत तसे बारा महिने फुटलेले असायचे. तेही कुणाला दिसत नव्हते, कारण बघणाऱ्याची नजर तिच्या वेणीवर असायची.

वेणी खरंच तशी होती. कमरेच्या खाली जायची, मनगटाएवढी जाड. गल्लीतल्या बाया न्हाण्याच्या दिवशी मुद्दाम डोकावून जायच्या. त्या केसांना मात्र घरात कसली मनाई नव्हती. रविवारी टँकरच्या गोड पाण्यातल्या दोन बादल्या तिच्या डोक्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या असायच्या, कारण बोअरच्या खाऱ्या पाण्यानं केस राठ होतात. तिला मोठ्या टबात बसवून मी शिकेकाई लावायची, वरून ओतायची, आणि टबात साचलेलं ते पाणी मग संडासाला जायचं. केसांवर खुशाल ओता, पण ते केस जिच्या डोक्यावर आहेत तिचा घसा कोरडा राहिला तरी चालेल. मी एकदा हे बोलून दाखवलं तर आत्याबाई म्हणाल्या, "केस बघायला लोक येतेत. घसा बघायला कोण येतंय?"

लोक यायचे. बघून जायचे. कुणाला पगार कमी वाटायचा, कुणाला रंग. अशी दोन-तीन वर्षं गेली आणि केस गळायला लागले. फणीत आधी बोटाएवढा गुंता यायचा, मग मुठीएवढा. आत्याबाईंनी एक तेल आणलं, मग दुसरं. कांद्याचा रस झाला, मेथ्या वाटून झाल्या. कुणाची तरी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळून झाल्या, आणि त्या ओवाळताना त्या माझ्याकडेच बघत होत्या. गळालेला एकेक केस मात्र त्या उचलायच्या आणि कापडाच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायच्या. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत ओरडत यायची, पण तिला तो गुंता कधी दिला नाही. पोरगी वाळत चालली होती आणि आई पिशवी भरत होती.

शेजारच्या बाईनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याची मुलगी सांगत होती की रोज भरपूर पाणी प्या, महिन्यात केस दाट होतात. नणंदेनं ते मनावर घेतलं. आईला चोरून शाळेच्या पिशवीत बाटली न्यायला लागली. चार दिवस गेले असतील. पाचव्या दिवशी घरी आली ती रडतच. शाळेत बायकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर. तिनं जाऊन ती मागितली, तर सगळ्या स्टाफसमोर ते गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, आज सारख्याच फेऱ्या चालल्यात. तब्येत बरी हाय ना?" बाकीचे मास्तर पण हसले. तिनं मला हे सांगितलं आणि बाटली धुऊन पालथी घातली. परत कधी नेली नाही. मला त्या माणसाच्या तोंडावर ती किल्ली फेकून मारावीशी वाटली, अजून वाटते.

मग एक दिवस शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता ती कंबर धरून खाली बसली. शाळेतल्यांनी घरी आणून सोडली, आम्ही तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. सोनोग्राफी झाली. मूतखडे होते, एका किडनीला सूज होती. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "लघवी दाबून ठेवायची नाही आणि तहान लागायची वाट बघायची नाही. पाणी प्यायचं. नाहीतर किडनी जाईल, मी स्पष्ट सांगते." नणंद मान हलवत होती. तेवढ्यात आत्याबाईंनी पदर सावरून विचारलं, "मॅडम, पाणी प्यालं तर केस येतेन का?"

डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं. नुसत्या पाण्यानं केस उगवत नाहीत. हिच्या अंगात रक्त कमी आहे, खाणं धड नाही, सगळं शरीरच ताणात आहे आणि केसांवर ते आधी दिसतं. केसांचं नंतर बघू, आधी किडनी सांभाळा. एवढं सगळं त्या बोलल्या, आणि आत्याबाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. रिक्षात बसताच म्हणाल्या, "बघा, डॉक्टरच म्हणली, पाण्यानं केस येत न्हाईत. उगं आपलं त्या मोबाइलचं ऐकायचं." माझे मालक, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, रिक्षावाल्याशी पावसाचं बोलत होते. मी सगळ्यांसमोर आत्याबाईंना म्हणलं की पोरगी मेली तरी तुम्ही आधी तिची वेणी घालाल. त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. तो आठवडा मी तिला माझ्या हातानं पाणी पाजत होते. आठवडा संपला आणि आत्याबाई पुन्हा पाण्याच्या माठाजवळ पहाऱ्याला बसायला लागल्या.

अशातच नांदेडचं स्थळ आलं. मुलाच्या घरचं साड्यांचं दुकान होतं. मुलगा तिच्याशी फोनवर दोन-तीनदा बोलला होता, नीट बोलला होता. एक दिवस कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "वहिनी, हे जमू द्या. कसं बी करून जमू द्या. नांदेडात गोदावरी हाय, नळाला रोज पाणी येतं म्हणे. मी तिथं पोटभर पाणी पिईन." लग्नाळू पोरी साड्यांचं बोलतात, फिरायला जायचं बोलतात. तिला पाणी प्यायचं होतं. मला इतकं भरून आलं की मी चिमटे सोडून आत निघून गेले.

बघायच्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी कपाटातून कागदाची पुडी काढली. शिरूर अनंतपाळकडच्या एका म्हातारीकडून त्यांनी त्या पिशवीतल्या केसांचं गंगावन करून आणलं होतं. तिचेच गळालेले केस, धुऊन, तेल लावून, एका टोकाला गाठ मारलेले. तिच्या डोक्यावर उरलेल्या शेपटीला ते बांधलं, वरून गजरा माळला. वेणी पुन्हा कमरेच्या खाली आली. पोरगी आरशात बघत राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "आता बघू कोण नाव ठेवतंय ते."

आजकाल असं कुणी बघत नाही म्हणतात. बघतात. मुलाच्या आईनं चहा झाल्यावर तिला जवळ बोलावलं, पाठमोरं बसवलं आणि वेणीवरनं हात फिरवला. मानेपाशी बोटं थांबली. तिनं गजरा बाजूला करून जरा ओढलं, आणि वेणी तिच्या हातात आली. मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला. नणंद तशीच पाठ करून बसलेली, मानेवर बोटभर शेपटी. आणि आत्याबाई काय म्हणाव्यात? "केस तिचेच हायत. बाहेरचे न्हाईत. एकेक जपून ठेवलेत मी." बोलल्या ते अगदी खरं होतं.

ती बाई उठायलाच निघाली होती. आत्याबाईंना घाम फुटला आणि त्यांनी ठेवणीतलं बाहेर काढलं. "केसांचं काय हो, येतेत आन् जातेत. पण वळण बघा पोरीचं. सकाळी घर सोडती ते सांजच्याला येती, मधी पाण्याचा थेंब घेत न्हाई. कधी उठायचं काम न्हाई."

मुलाची आई पुन्हा टेकली. "म्हणजे दिवसभर?"

"दिवसभर."

"बरं हाय की मग. दुकानात आमच्या बाथरूम न्हाई. बायकांच्या काउंटरवर बाईच लागती. थोरली सून बसत होती, तिचं सारखं उठणं. ती उठली की घरापर्यंत जाणार, तवर गिऱ्हाईक निघून जातंय."

हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघरातून गिलास भरून आणला, नणंदेपुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "हिला मूतखडा हाय. किडनीला सूज हाय. डॉक्टरनी पाणी कमी पडू देऊ नका म्हणून सांगितलंय. दुकानात बसवणार असाल तर ते आधी ऐकून घ्या." आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझे मालक उठून उभे राहिले. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलंच नाही, तिनं सरळ पोरीला विचारलं, "खरं हाय का गं?"

पोरीनं गिलासाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे रागानं बघितलेलं तेवढंच. ती म्हणाली, "न्हाई. वहिनी उगं काही बी बोलतात. मला काही न्हाई." गिलास तिनं हातानं बाजूला सारला. तिला तहान लागलेली होती, हे मला माहीत होतं, कारण आदल्या दिवसापासून तिनं काही घेतलं नव्हतं. मुलाची आई म्हणाली, "मग काय हरकत न्हाई." पेढे आत तयारच होते.

लग्न झालं. मला तिनं बरेच दिवस फोन केला नाही, आणि मीही केला नाही, कारण मलाही राग येतो. पुढच्या दिवाळीनंतर माहेरी भोकरला चालले होते, नांदेडात गाडी बदलायची होती, म्हणून दुकानात गेले. ती काउंटरच्या आत गादीवर मांडी घालून बसली होती. अंगानं आणखी उतरली होती, डोक्यावर पदर असल्यामुळे केसांचं काही कळत नव्हतं. मला बघून मनापासून हसली. पोऱ्या नव्हता म्हणून तिनं स्वतःच्या हातानं मागच्या जारमधून गार पाणी काढलं आणि मला दिलं. नांदेडचं पाणी खरंच गोड आहे. मी गटागटा प्याले आणि विचारलं, "तू पितीस का पोटभर?"

तिची सासू गल्ल्यावर होती. नणंदेनं तिकडे एकदा बघितलं, माझ्यापुढे साडी उलगडली आणि पदर दाखवत दाखवत हळूच सांगितलं. श्रावणात परत कळ आली होती. इथं दाखवलं. डावी किडनी कामातनं गेली, डॉक्टर म्हणाले. घरात एकट्या नवऱ्याला माहीत आहे, तो म्हणाला की आईला सध्या सांगू नको.

मी साडी बाजूला सारली. मी म्हणलं, "अगं मग आता तरी पी. एकच राहिलीय तुला."

"व्हय ना वहिनी," ती साडीची घडी घालत म्हणाली. "म्हणून तर आता आणखी कमी पिते. एकटीवर किती भार टाकायचा?"