केरबामामांची पेठ

केरबामामा फुटबॉल कानाने तपासत. हवा भरून झाली की चेंडू कानाशी धरायचा, कलिंगडवाल्यासारखी टिचकी मारायची आणि निकाल द्यायचा, "अजून तीन पंप." मी एकदा मुद्दाम चार मारले. त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि म्हणाले, "येक जास्त झाला. काढ." मी आकड्यांना मानणारा माणूस. त्या दिवसापासून मामांनाही मानू लागलो.

मामा आमच्या कॉलेजच्या जिमखान्याचे शिपाई. संघाचे प्रशिक्षक म्हणून एका प्राध्यापकांचं नाव लागायचं; ते फोटोच्या दिवशी येत. बाकी सगळं मामा. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, शाहूपुरीत राहणारा, चष्मेवाला आणि संघातला बारावा. मैदानात उतरण्याची शक्यता फारच कमी, म्हणून मी कडेला बसून वहीत पास मोजायचो.

आमच्या अकरांपैकी सहा जण एका पेठेचे, पाच दुसऱ्या पेठेचे. पेठांची नावं देत नाही. दोन्हीकडे माझं अजून येणंजाणं आहे. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आणि तालमीचा फुटबॉल संघ; पोरगं आधी तालमीचं असतं, मग आईबापाचं आणि वेळ उरला तर कॉलेजचं. तालमीच्या सामन्यात एकमेकांच्या नडग्या फोडणारी ही मुलं आमच्याकडे एकाच रंगाचा शर्ट घालून खेळत, इतकंच. पहिल्या सामन्यात आम्ही तीन गोलांनी हरलो. सहांनी पाचांना दिलेले पास नऊ, पाचांनी सहांना दिलेले सात आणि समोरच्या संघाला चुकून दिलेले एकवीस. मी मामांना वही वाचून दाखवली.

"म्हंजे पावण्यास्नी पोटभर वाढलं आन् भावाला उपाशी ठिवलं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. सरावाला यायचं ते एका सायकलवर दोघांनी, दोन पेठांचे दोघे. सहावा उरला तो माझ्या सायकलवर. एकटा येईल त्याला चेंडू मिळणार नाही. पहिले चार दिवस कुणी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी चढावर पॅडल कुणी मारायचं यावरून दोन जोड्यांची जुंपली. मी घाबरून सांगायला गेलो, तर मामा खूश. "भांडत्यात न्हवं? मग बोलाय लागली की!"

मामांची स्वतःची पेठ कुठली, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणत, "पेठ फाटकाभायेर ठिवून यायची. जाताना परत न्यावा, कोण चोरत न्हाय." मुलांनी यावर बरीच डोकी लढवली. दोन्ही पेठांना ते आपलेच वाटत.

हळूहळू पास वाढले. चौथ्या सामन्यात दोन्हीकडचे मिळून चौसष्ट झाले आणि आम्ही जिंकायला लागलो. कॉलेज पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलं. मामा त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरच्या हॉकीच्या काठ्या खाली काढल्या, फळी ओल्या फडक्याने पुसली आणि विजेत्यांच्या ढालीसाठी जागा केली. सामना अजून व्हायचा होता, असं मी सांगून पाहिलं. "तू पास मोज," एवढंच उत्तर मिळालं.

अंतिम सामन्यात एक-एक अशी बरोबरी होती आणि पाच मिनिटं उरली होती. चेंडू आमच्या सुब्याच्या पायात होता, आपल्याच गोलच्या बाजूला. समोरच्या कॉलेजचा सेंटर फॉरवर्ड दिल्या हा सुब्याच्याच पेठेचा. दोघे लहानपणापासून तालमीच्या संघात एकत्र खेळलेले. दिल्या ओरडला, "सुब्या, हां!" रोज संध्याकाळी ओरडायचा तसाच. सुब्याने मान वर न करता इतका सुरेख पास दिला, की आमच्या संघात कुणाला तसा मिळाला नव्हता. दिल्याने तो थेट गोलात मारला.

आमच्या बाजूला एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या. केरबामामा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शिटी झाल्यावर दुसऱ्या पेठेच्या पाचांनी सुब्याला घेरलं. कॅप्टन वसंताने त्याची कॉलर धरली. "पेठंसाठी कॉलेज इकलंस व्हय रं?"

"आईच्यान्, वश्या, हाक ऐकली आन् पाय गेला," सुब्या रडकुंडीला आला होता.

मामा दोघांच्या मध्ये घुसले. "आधी मला हाणा. टाळी कुणी वाजवली? म्या. म्या बी त्याच पेठंचा हाय. साठी आली तरी माझं हात ऐकंनात, ह्येच्या पायाचं काय घिऊन बसलाय?"

"मामा, तुमीसुदिक?" वसंताचा हात कॉलरवरून सुटला. मागून कुणीतरी फिदकन हसलं आणि मग सगळेच हसले. सुब्या त्या दिवशी वसंताच्याच सायकलवरून घरी गेला. पॅडल अर्थात सुब्या मारत होता. पुढच्या वर्षी तोच आमचा कॅप्टन झाला. ढाल त्यालाही आणता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जिमखान्यात गेलो, तेव्हा मामा हॉकीच्या काठ्या परत वरच्या फळीवर लावत होते. "येकदा ती ढाल पुसाय मिळाया पायजे हुती," म्हणाले.

बऱ्याच वर्षांनी मी शहराच्या कडेला, कसबा बावड्यात घर बांधलं. पाया खणताना शेजारच्या उसातून हाक आली, "वहीवालं पावणं, हिकडं कुठं?" मामा होते. घरी नेऊन त्यांनी चहा पाजला. बोलता बोलता त्यांच्या थोरल्या भावाने सांगितलं, की त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बावड्याचं. शहरात राहायला कुणी कधी गेलंच नाही.

मी कप खाली ठेवला. "मामा, म्हणजे तुम्हाला पेठ नाहीच?"

"बावड्यातल्या माणसाला कसली आलीय पेठ?"

"मग टाळी का वाजवली?"

"त्यो गोल बघितलास का तू?"

मी खरं ते सांगितलं. गोल मी पाहिला नव्हता. पास गेला तेव्हापासून मी सुब्याकडेच बघत होतो.

"समदीच त्येच्याकडं बघत हुती," मामा म्हणाले. "म्हून वाजवली."