डबीचा ताप बघणाऱ्या सिस्टर

पगारे सिस्टर आमच्या घरात शिरल्या की त्यांचा उलटा हात आधी पुढे यायचा. नातीला सर्दी असली तर तिच्या कपाळावर, आमच्या हिला चक्कर आली असली तर हिच्या गळ्याशी. आणि मी ज्या दिवसांचं लिहितोय त्या दिवसांत तो हात जायचा इंटरनेटच्या काळ्या डबीवर. तळहात का नाही, असं मी एकदा विचारलं. "तळहात कामाने निबर होतो दादा, त्याला ताप कळत नाही," असं म्हणाल्या. मी जातीचा तांबट, जन्म तांब्या-पितळेवर हातोडी मारण्यात गेला. माझ्या तळहाताला गरम चहाचा पेलासुद्धा कळत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. पण पटलं असं काही मी बोलून दाखवलं नाही.

सिस्टर समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या देवळ्याकडच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. नवरा आधीच गेलेला, एकुलती मुलगी बंगळूरला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी ही बाई बसलेली मी पाहिली नाही. खुर्ची पुढे केली तर म्हणायच्या, "बसलं की पाय विचारतात, ड्यूटी संपली का?" चहा उभ्याने, पाणी उभ्याने, गप्पाही उभ्यानेच. कप हातात घेऊन घरभर फिरायच्या, आमचाच पडदा सरळ करायच्या, आमचाच गळका नळ घट्ट पिळायच्या. माझा जीव वरखाली व्हायचा. मला घरात माणसं एका जागी लागतात आणि वस्तू तर लागतातच लागतात.

आता डबीचं सांगतो. माझी सून सोनल पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. सकाळी दार लावून कॉम्प्युटरपुढे बसते आणि तिच्या साहेबलोकांशी बोलते. ते बोलणं मध्येच तुटायला लागलं. डबीवरचा दिवा हिरवाच, पण आतल्या खोलीत सोनल "हॅलो, हॅलो" करतेय. नेटच्या कंपनीचा माणूस येऊन वायर बदलून गेला, डबी बदलून गेला. तो यायचा त्याच्या सवडीने, संध्याकाळी. संध्याकाळी नेट अगदी झकास. तो म्हणायचा, काका, तुमचं सगळं ठीक आहे. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

शेवटी साहेबाने सोनलला सांगितलं की या महिन्यात लाईन सुधारली नाही तर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. मुलगा म्हणाला, मग आपण सगळेच जाऊ, मीही तिकडे नोकरी बघतो, ओवीला तिकडच्या शाळेत घालू. ओवी म्हणजे माझी नात. आम्हालाही चला म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही खुशाल जा, मी नाशिक सोडणार नाही. त्या दिवसापासून घरात जेवताना कोणी कोणाशी धड बोलेना. ही तर भाजी वाढता वाढता डोळे पुसायची.

माझं डोकं तापलेलं. डबी वरच्या मजल्यावरच्या पोरांनी बिघडवली, नाहीतर कंपनीवाल्याने जुनीच डबी माथी मारली, नाहीतर सोनलच काहीतरी चुकीचं दाबते, असं माझं दिवसभर चाललेलं. एका सकाळी माझा आवाज ऐकून सिस्टर आत आल्या. डबीवर उलटा हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोणी केलं ते नको सांगू. कधी होतं ते सांग."

मला 'अरे-तुरे' करणारं माणूस त्या काळात दुसरं उरलं नव्हतं. तोंडाने दादा म्हणायच्या आणि चिडल्या की एकदम एकेरीवर यायच्या. मी म्हटलं, कधी म्हणजे काय, केव्हाही. त्या म्हणाल्या, केव्हाही असा ताप नसतो. सकाळचा असतो, संध्याकाळचा असतो, खाल्ल्यावरचा असतो.

त्यांना या डबीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी स्वच्छ सांगतो. पहिल्यांदा त्यांनी ठरवलं की डबी गरम होते, म्हणून माझा टेबलफॅन उचलून डबीच्या बाजूला लावला. मी घामाने भिजलो, डबी गार झाली, नेट तसंच. मग त्यांचा संशय मिक्सरवर गेला आणि हिला चटणी पाट्यावर वाटायला लावली. मग स्वतःच्या घरातलं नेट सकाळभर बंद ठेवून पाहिलं. रोज एक उपाय. मी म्हटलं, सगळं एकदमच करून टाका ना, एकदाचा निकाल लागेल. तर म्हणाल्या, "एका दिवशी एकच औषध. दोन दिली की कशाने उतरला ते कळत नाही, आणि परत चढला की आपण पुन्हा आंधळे."

दिवस चालले होते. मुलाने पुण्यातल्या घरांचे फोटो मोबाईलवर बघायला सुरुवात केली होती. सिस्टर सकाळी येऊन नुसत्या येरझाऱ्या घालायच्या, सोनलच्या दारापासून डबीपर्यंत, डबीपासून दारापर्यंत. मी म्हटलं, बाई, फरशी झिजेल.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं. पाणी मी भरतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. वडिलांनी घडवलेले तांब्याचे मोठे हंडे आहेत, त्यांच्यावर कळश्या. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीलगत त्यांची जागा. भरून एकावर एक रचले की माणसाच्या छातीपर्यंत येतात आणि खिडकीच्या उजेडात असे दिसतात की बघणारा थांबतो. संध्याकाळी रिकामे झाले की चिंच लावून घासायचे आणि गॅलरीत पालथे घालायचे. डबी त्याच कोपऱ्यात, हंड्यांच्या मागे, स्टुलावर होती. मीच तशी ठेवायला लावली होती. ती वायर आणि ते काळं खोकं डोळ्यांसमोर नको होतं मला.

त्या सकाळी मी शेवटची कळशी रचली आणि आतून सोनलचं "हॅलो, हॅलो" सुरू झालं. सिस्टर जागच्या जागी थांबल्या. ही बाई थांबली म्हणून मीच दचकलो. त्यांनी हंड्यांकडे पाहिलं, वाकून मागच्या डबीकडे पाहिलं, आणि देवळ्याची बोली तोंडात आली, "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे?

मग सरळ म्हणाल्या, दादा, संध्याकाळी हे इथे नसतात. संध्याकाळी नेट चालतं. हे हलवा.

मी म्हटलं, हंडे हलणार नाहीत. डबीसाठी माझ्या बापाचे हंडे जागा सोडणार नाहीत. मग डबी हलव, म्हणाल्या. मी म्हटलं, ती वायर माझ्या भिंतीवर लोंबणार नाही. मुलगा मध्ये बोलायला आला, त्याला मी गप्प केलं.

सिस्टरांनी आवाज चढवला नाही. "मुलगी बंगळूरला निघाली तेव्हा मीसुद्धा म्हटलं होतं, जाते तर जा, माझ्या घरातली एक वस्तू हलणार नाही," असं म्हणाल्या. "आता सगळं जागच्या जागी आहे माझ्याकडे. येतोस बघायला?"

आतून सोनल कोणाला तरी सॉरी म्हणत होती. मी धोतराचा सोगा खोचला आणि भरलेले हंडे एकेक करून स्वयंपाकघरात नेले. मुलगा हात लावायला आला तर त्याला लावू दिला नाही. शेवटचा हंडा ठेवून वळलो तेव्हा सोनल आत हसत बोलत होती, सलग.

कंपनीच्या माणसाने नंतर समजावलं की धातू आणि पाणी असं मध्ये आलं की लहरी अडतात. मी त्याला सांगितलं, दोष हंड्यांचा नाही, जागेचा. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. डबी आता दारावर उंच ठोकलीय, वायर लोंबते, मी तिकडे बघत नाही. हंडे जुन्या जागी परत आले. पुण्याचं नाव घरात परत निघालं नाही.

गेल्या थंडीत सिस्टर गेल्या. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्या. मला ते पटलेलं नाही. ती बाई कधी आडवी झालेली कोणी पाहिली होती? मुलगी आली, बुद्धवंदना झाली, कॉलनी लोटली होती. मग मुलीने दाराला कुलूप लावलं आणि ती परत गेली.

परवा सोनल आतून म्हणाली, आप्पा, नेट गेलं. वरच्या पोरांचं नाव माझ्या तोंडात आलंच होतं. चपला सरकवून समोरच्या दाराशी गेलो, बेलवर बोट ठेवलं आणि मग कुलूप दिसलं. परत आलो. स्टूल ओढून वर चढलो, डबीला उलटा हात लावला.

"कधीपासून?" मी विचारलं.

सोनल दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. "आत्ताच," म्हणाली. मग म्हणाली, "आप्पा, उतरा, बसा जरा."

मी उतरलो. पण नेट येईपर्यंत बसलो नाही.